गाणं ठेवायची जागा

मित्राने माझी हार्ड डिस्क काढली, स्वतःच्या बॅगेतली छोटीशी एसएसडी, म्हणजे आत काहीच फिरत नाही अशी चिपवरची डिस्क, लॅपटॉपला लावली, तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि म्हणाला, आता डोळे मिट आणि नुसतं ऐक. मी डोळे मिटले. आणि खरं सांगते, मला फरक ऐकू आला. गायिका श्वास घेते आणि पुढची ओळ अजून आलेली नसते, तेवढ्यात जी इवलीशी जागा असते ना, ती जागा जास्त शांत झाली होती. तानपुरा मागे नीट मांडी घालून बसल्यासारखा वाटत होता. "कळलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कळलं. तो खूश होऊन घरी गेला आणि मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागी होते, कारण मला जे माहीत होतं आणि मला जे ऐकू आलं होतं त्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळतच नव्हत्या.

माहीत काय होतं, तर फाईल तीच होती. माझ्या डोळ्यांसमोर त्याने ती एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी केली होती. प्लेअर तोच, डॅक तोच, म्हणजे आकड्यांचे सिग्नल बनवून स्पीकरकडे पाठवणारा तो छोटा डबा, स्पीकर तेच, मी बसले होते ती खुर्चीसुद्धा तीच. मग बदललं काय? हा प्रश्न चारचौघांत काढला की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते सगळे भास आहेत, शून्य ते शून्य आणि एक तो एक, विषय संपला, आणि दुसरी म्हणते तुम्हाला कानच नाहीत. मला दोन्ही उत्तरं पुरेशी वाटली नाहीत. मी ऐकलं होतं हे खरं, आणि आकड्यांवरही माझा विश्वास होता, त्यामुळे नेमकं काय झालं ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

ह्या प्रश्नाचा एवढा पिच्छा पुरवायला कारण माझ्या आत्याची कॅसेट. आत्या फार छान गायची पण कधी स्टेजवर गेली नाही, कुठे तिचं रेकॉर्डिंग नाही, फक्त एकदा बाबांनी घरी टू-इन-वन समोर ठेवून दुपारभर तिचं गाणं टेप केलं होतं. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरलेल्या. आत्या आता नाही. जे आहे ते त्या कॅसेटमध्ये आहे.

आणि साठवणीचा आवाजावर काय परिणाम होतो ह्याचा ती कॅसेट म्हणजे वस्तुपाठच आहे. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, आणि मोटर जेवढ्या वेगाने ती ओढते तेवढ्याच वेगाने गाणं चालतं, मध्ये दुसरं कोणी नाही. मोटरचा रबरी पट्टा जरा सैल पडला की सूर डुलायला लागतो. एरवी वाद्यांच्या गर्दीत ते खपून जातं पण तानपुऱ्यात लपत नाही, कारण तानपुऱ्याचं कामच एका जागी स्थिर राहायचं, तो जरा हलला की लगेच पोटात कसंतरी होतं. शिवाय त्या कॅसेटमध्ये अजून एक गोष्ट आहे जी मी लहानपणापासून ऐकत आलेय. आत्याचा पहिला सा लागायच्या दोनेक सेकंद आधी, अगदी कान देऊन ऐकलं तर, तोच सा खूप पुसट ऐकू येतो. मग शांतता, आणि मग खरा सा. लहानपणी मला वाटायचं आत्या मनातल्या मनात आधी गाऊन बघते आणि ते टेपला कळतं. खूप नंतर समजलं की फीत गुंडाळलेली असते, थरावर थर, आणि वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली की एका थरातला चुंबकीय ठसा शेजारच्या थरावर थोडा उतरतो. फितीचा एक वेढा सरकायला जेवढा वेळ लागतो तेवढा आधी तो पुसट आवाज येतो, कॅसेटच्या आकारात तो वेळ दोन-तीन सेकंदांच्या घरात बसतो.

रेकॉर्डचंही तसंच. तबकडी मिनिटाला साडेतेहेतीसच्या जरा खाली, ३३⅓ फेरे एकाच चालीने फिरते, पण कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटीमीटर खाच जाते आणि मध्यापाशी पोचेपर्यंत २० च्या आसपासच उरते, म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा, त्यामुळे बाजूच्या शेवटच्या गाण्यात स आणि श फाटल्यासारखे येतात. हे लिहायचं कारण एवढंच, की ज्यांचे कान टेपवर आणि रेकॉर्डवर घडले त्यांच्यासाठी "ज्यात ठेवलंय ते बदललं की आवाज बदलतो" ही समजूत नव्हती, तो रोजचा अनुभव होता. साधी कॅसेट आणि फितीवर वेगळा चुंबकीय थर असलेली क्रोम कॅसेट ह्यातला फरक कोणालाही ऐकू यायचा. तोच अनुभव घेऊन आपण पुढे आलो आणि डिस्कलाही तेच लावतोय. मला ह्यात वेडेपणा दिसत नाही. फक्त मधे एक मोठी गोष्ट बदललीय आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

ती बदलली १९८२ मध्ये, सीडी बाजारात आली तेव्हा. सीडी आतल्या बाजूने वाचताना मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे घेते आणि कडेला जाता जाता २०० पर्यंत खाली येते, सारखा वेग बदलत असतो, मोटर मागेपुढे होत असते, आणि तरी सूर हलत नाही. कारण वाचलेले आकडे थेट आवाज होत नाहीत. ते आधी एका छोट्या मेमरीत जमा होतात आणि तिथून एक क्वार्ट्‌झचं घड्याळ सेकंदाला ४४,१०० वेळा, ठरलेल्या तालात, एकेक नमुना, म्हणजे त्या क्षणाच्या आवाजाचा आकडा, उचलतं. मेमरी रिकामी व्हायला लागली तर मोटर जरा पळते, भरायला लागली तर जरा थांबते, एवढंच तिचं काम. टेपमध्ये गाण्याची लय फितीच्या पायात होती, सीडीने ती तिथून काढून घड्याळाच्या हातात दिली. मला विचाराल तर डिजिटल आवाजातली सगळ्यात सुंदर कल्पना हीच, आणि माझ्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर पण हेच. जिटर जिटर म्हणून जे बोललं जातं ते आकडे उचलायच्या क्षणाचं पुढेमागे होणं आहे, आणि तो क्षण ठरतो डॅकपाशी. आता बहुतेक चांगले यूएसबी डॅक स्वतःचं घड्याळ वापरतात आणि कॉम्प्युटरला सांगतात की मला लागेल तसं दे. डिस्क ह्या साखळीत इतकी मागे उभी आहे की तिचा हात त्या घड्याळापर्यंत पोचत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर चुकांचं. १९४० च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड हॅमिंग नावाचा गणिती बेल लॅब्जमध्ये होता, त्याला रिलेवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांवर, चालणारं कॉम्प्युटर शनिवार-रविवारी वापरायला मिळायचं. मशीनला चूक सापडली की ते त्याचं काम सोडून पुढचं काम घ्यायचं आणि सोमवारी हा येऊन बघतो तर हातात काहीच नाही. त्याचा त्रागा असा होता की चूक झालीय एवढं जर मशीनला कळतं तर ती कुठे झाली हे शोधून दुरुस्त का करता येऊ नये. त्या त्राग्यातून १९५० चा त्याचा प्रसिद्ध पेपर आला. पुढे १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन ह्या दोघांनी अजून ताकदीचं गणित मांडलं आणि सीडीत तेच आहे. त्यामुळे सीडीवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग पट्टा वाचता आला नाही तरी तिथले आकडे पूर्णपणे, जसेच्या तसे परत मिळतात. अंदाजाने नाही, जसेच्या तसे. मला हे अजूनही चमत्कारासारखं वाटतं. ओरखडा त्याहून मोठा असेल तर मात्र प्लेअर आजूबाजूचे नमुने बघून मधला अंदाजाने भरतो आणि ऐकणाऱ्याला बहुधा पत्ता लागत नाही. इथे साठवणीचा आवाजावर खरोखर परिणाम झाला, फक्त गुपचूप. माझी एक सीडी वर्षानुवर्षं प्लेअरवर "छान" वाजायची, ती कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली तेव्हा दुसऱ्या गाण्यावर सॉफ्टवेअर पाऊण तास अडून बसलं, तीच जागा पुन्हापुन्हा वाचत, कारण त्याला अंदाज चालत नव्हता.

हार्ड डिस्क आणि एसएसडीला तर अंदाज अजिबातच चालत नाही. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पडताळणी लिहिलेली असते, बरोबर वाचलं तर देतात, नाहीतर पुन्हा वाचतात, आणि जमलंच नाही तर स्पष्ट सांगतात की ही फाईल वाचता येत नाही. एसएसडी आतून अगदी शुद्ध आणि हार्ड डिस्क गढूळ असंही काही नाहीये, उलट एसएसडीच्या पेशींमधला विद्युतभार हळूहळू गळत असतो, कच्च्या वाचनात चुका येणं हे तिथलं नेहमीचंच, त्या दुरुस्त करणारं गणित सतत चालू असतं म्हणून आपल्यापर्यंत फाईल नीट येते. आणि वेगाचं म्हणाल तर सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला लागतात १,७६,४०० बाइट. साधी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते. म्हणजे दहा मिनिटांचं गाणं एका सेकंदाच्या कामाएवढं. आपण ऐकत बसतो तेव्हा डिस्क बहुतेक वेळ रिकामीच असते, गाणं रॅममधून चाललेलं असतं.

हे मी वाचलं होतं, पण वाचलेलं अंगात मुरत नाही म्हणून एकदा करून बघितलं. प्लेअरमध्ये अख्खी फाईल आधी मेमरीत घ्यायचं सेटिंग असतं ते चालू केलं, गाणं लावलं, डिस्क नीट इजेक्ट केली, केबल काढली आणि हातात घेऊन बसले. गाणं चालू होतं आणि डिस्क माझ्या तळहातावर होती, अजून कोमट. पूर्ण ख्याल संपेपर्यंत मी ती तशीच धरून ठेवली. त्या दिवसापासून "डिस्कचा आवाज" ही कल्पना माझ्या डोक्यातून बरीचशी निघून गेली.

पण मग मी ऐकलं ते काय होतं?

आधी फाईली तपासल्या. दोन्ही डिस्कवरच्या फाईलचा चेकसम काढला, म्हणजे फाईलमधल्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने निघणारी खूण, ६४ अक्षरांची ती ओळ, एकाखाली एक ठेवली आणि बोट फिरवत वाचली. एकही अक्षर वेगळं नाही. मग म्हटलं चुकलेला बिट, म्हणजे शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य, कसा वाजतो ते तरी कळू दे, म्हणून एका वेव्ह फाईलची कॉपी घेऊन ती फाईलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली आणि एका नमुन्यातला सगळ्यात मोठा बिट उलटा केला. सोळा बिटांच्या आकड्यात तो एक बिट ३२,७६८ चा. त्या जागी गाणं आलं की स्पष्ट "टक्". सेकंदाच्या ४४,१०० व्या भागात घडलेली गोष्ट, पण नखाने टेबलावर टिचकी मारल्यासारखी. मग शेजारच्या नमुन्यातला सगळ्यात लहान बिट उलटा केला, तो कितीही आवाज वाढवला तरी ऐकू आला नाही. मग फ्लॅक फाईल घेतली, तिथे आकडे काहीही न गमावता दाबून बसवलेले असतात त्यामुळे एक बिट बिघडला की त्या अख्ख्या फ्रेमचं, म्हणजे नमुन्यांच्या एका गठ्ठ्याचं, गणित चुकतं, आणि माझ्या प्लेअरने तेवढी फ्रेम गप्प केली, ४०९६ नमुने, सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. गाण्याला भोक पडल्यासारखं वाटलं. त्या संध्याकाळी मला जे कळलं ते कुठल्याही वादापेक्षा पक्कं आहे, बिट हरवले की टक् होतं, भोक पडतं, नाहीतर फाईल उघडतच नाही. बिट हरवल्याने आवाज कोरडा होत नाही, तानपुरा पुढे येत नाही, गायिकेचा श्वास स्वच्छ होत नाही. तसं व्हायला लाखो आकडे एकाच दिशेने, संगीत कळत असल्यासारखे बदलावे लागतील आणि तेही चेकसमला न कळता. डिस्कला एवढं गाणं येत नाही.

मग धाकट्या भावाला बसवला. दोन्ही डिस्क लावलेल्या, दोन्ही चालू, तो नाणं उडवून ठरवणार कोणती फाईल लावायची आणि मी पाठ करून ओळखणार. सोळा फेऱ्या. बारा किंवा जास्त बरोबर आले तर ते नुसत्या अंदाजाने यायची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास, म्हणून बारा हा आकडा आधीच कागदावर लिहून ठेवला, नंतर मन बदलायला नको. सातव्या फेरीला मी इतक्या खात्रीने एसएसडी म्हटलं की तोही क्षणभर थांबला, आणि ती हार्ड डिस्क होती. शेवटी सोळापैकी नऊ. "ताई, पुन्हा करायचं का?" त्याने विचारलं, कारण माझा चेहरा पडला होता. मी नको म्हटलं. नाणं उडवून आठ येतात, मला नऊ आले, ह्यात शोधायला काही नव्हतं.

आणि मग, सगळं आवरताना, मी हार्ड डिस्कची केबल काढली आणि खोली बदलली. गाणं बंदच होतं हो, काहीच चालू नव्हतं. पण खोलीत काहीतरी थांबलं. मी परत केबल लावली, डिस्क फिरायला लागली, आणि ह्यावेळी तळहात टेबलावर ठेवला. टेबल थरथरत होतं. अगदी बारीक, बोटांच्या टोकांना कळेल एवढंच. डिस्क मोठी, वेगळ्या अॅडॅप्टरवर चालणारी, मिनिटाला ७२०० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला १२०, आणि ती त्याच लाकडी टेबलावर होती ज्यावर माझे स्पीकर आहेत, पोकळ फळीचं टेबल, तबल्याच्या लाकडासारखं घुमणारं. खालच्या पट्टीत एक बारीकशी घूं सतत चालू होती आणि इतकी वर्षं ती माझ्या खोलीचीच होऊन गेली होती. भावाबरोबर चाचणी केली तेव्हा दोन्ही डिस्क लावलेल्या होत्या म्हणून घूं दोन्हीकडे होती, फरक शून्य. मित्राने मात्र त्या दिवशी हार्ड डिस्क काढून ठेवली होती. दोन शब्दांमधली जागा खरंच शांत झाली होती. मी खरंच ऐकलं होतं.

मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी रात्रीच मित्राला फोन लावला. त्याचे कान खरे होते, माझेही खरे होते, आणि आकडेही खरे होते, कोणालाच खोटं पाडायची गरज पडली नाही. मग पुढचे दोन दिवस खेळच केला, एसएसडीवरून गाणं लावायचं पण हार्ड डिस्क टेबलावर फिरत ठेवायची, की शांतता गेली. हार्ड डिस्कवरूनच लावायचं पण तिच्याखाली जाड टॉवेलची घडी ठेवायची, की बरीचशी आली. डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवून नेटवर्कवरून लावलं तर एसएसडीत आणि तिच्यात काहीच फरक नाही. हवेतून आणि लाकडातून येणारा आवाज होता तो, फाईलमधला नव्हता. म्हणून कोणी म्हणालं की एसएसडी लावल्यावर मला बरं वाटतं तर मी आता आधी विचारते, डिस्क कुठे ठेवली होती.

अजून एक रस्ता आहे, विजेचा. जुन्या डेस्कटॉपला त्याच्याच सॉकेटमध्ये हेडफोन लावून मी कित्येक वर्षं ऐकायचे आणि डिस्कचं डोकं सरकलं की डाव्या कानात बारीक किर्र यायचं. माऊस हलवला तरी यायचं. आत सगळ्यांचा पॉवर सप्लाय एक, ग्राउंड एक, आणि आवाजाचा नाजूक भाग त्या सगळ्या धांदलीला खेटून बसलेला, त्यामुळे डिस्कची, प्रोसेसरची, ग्राफिक्स कार्डची गडबड तिथे झिरपते. हे मोजता येतं, आणि ऐकूही येतं, मुख्यतः गाण्याच्या मोकळ्या जागांत. उपाय डिस्क बदलणं हा नाहीच, आवाजाचा भाग त्या डब्याबाहेर काढणं हा आहे, बाहेरचा डॅक, त्याला स्वतःची पॉवर, किंवा ऑप्टिकल केबल, तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जातच नाही. २०१५ मध्ये सोनीने जपानमध्ये ६४ जीबीचं एक मायक्रोएसडी कार्ड खास चांगल्या आवाजासाठी म्हणून काढलं होतं, त्यांचं म्हणणंही बिट बदलतात असं नव्हतं, कार्ड वाचताना होणारा इलेक्ट्रिकल नॉईज कमी होतो असं होतं. प्रश्न योग्य आहे. पण त्याचं उत्तर प्लेअर बनवणाऱ्याने द्यायचं असतं, ज्या प्लेअरमध्ये कार्ड बदललं की आवाज बदलतो त्या प्लेअरचंच काम नीट झालेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जे खरं सांगायचंय ते. माझ्या संग्रहावर साठवणीचा सगळ्यात वाईट परिणाम झाला तो डिस्कच्या प्रकाराने नाही, डिस्कच्या आकाराने. डिस्क छोटी होती तेव्हा मी शेकडो सीडी १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटांच्या, एमपीथ्रीत उतरवल्या. सीडी म्हणजे १४११ केबीपीएस, त्याचा अकरावा भाग. जागा वाचली म्हणून तेव्हा किती समाधान वाटलं होतं, आणि आज त्या फाईलींमध्ये झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या वाजतात, टाळ्यांचा आवाज वाळू चाळल्यासारखा येतो. त्यातल्या बऱ्याच सीडी कोणाकोणाकडून आणलेल्या होत्या, त्या परत गेल्या, आता मूळ मिळत नाही. कितीही भारी एसएसडी आणली तरी टाकलेलं परत येत नाही. डिस्कवरून एवढे वाद घालतो आपण, पण आपल्या फाईली मुळात कुठून कशा आल्यात हे किती जणांनी तपासलंय?

आणि आत्याची कॅसेट. ती मी २००९ मध्ये कॉम्प्युटरवर घेतली, फ्लॅकमध्ये, दोन डिस्कवर ठेवली आणि निश्चिंत झाले. काही वर्षांनी एक डिस्क टक टक करायला लागली, आठवड्याभरात गेली. कंपनीने वॉरंटीत नवी कोरी डिस्क पाठवली, आतल्या गाण्यांबद्दल त्यांच्या पत्रात एक ओळही नव्हती, असायचं कारणही नाही, पण मला ते पत्र वाचून रडू आलं होतं. दुसरी कॉपी होती ना, ती मी तेव्हा वाजवून पाहिली, सुरुवात ऐकली, छान होती, ठेवून दिली. हे सगळं चेकसमचं वेड लागल्यावर मात्र त्या फाईली एकदा तपासायला लावल्या. फ्लॅकमध्ये एक फार चांगली सोय आहे, फाईल बनते तेव्हाच आतल्या मूळ आवाजाची खूण फाईलच्या डोक्यावर लिहून ठेवली जाते, त्यामुळे दहा वर्षांनीही फाईलच सांगू शकते की मी आहे तशी आहे की नाही. पहिली बाजू बरोबर आली. दुसऱ्या बाजूला चूक.

शोधत गेले तर एकोणिसाव्या मिनिटाला, आत्या अंतऱ्यात वर जाऊन तार सा लावते तिथे, सेकंदाचा दहावा भाग गप्प होता. एक फ्रेम. तार सा लागतो आणि मध्येच जणू कोणी तोंडावर हात ठेवल्यासारखं होऊन परत सुरू होतो. कधी बिघडलं, कोणत्या कॉपीत, कोणती केबल, कोणती रॅम, आता कळायचा मार्गच नाही. पोथी हाताने उतरवताना एखाद्याचं अक्षर सुटावं आणि पुढच्या सगळ्या प्रती त्याच चुकीसकट व्हाव्यात तसं, मी चुकलेली फाईलच पुढे पुढे कॉपी करत आले होते, दरवेळी अगदी बिनचूक.

कॅसेट अजून होती हे नशीब. डेकमधला रबरी पट्टा वितळून काळ्या चिकट मधासारखा झाला होता, तो काढून नवा बसवला. कॅसेटच्या आतली फीत दाबून धरणारी ती छोटी मऊ गादी गळून पडली होती, म्हणून पाच स्क्रू उघडून फीत दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात घातली, श्वास रोखून, कारण एक सुरकुती पडली तर तेवढं गाणं गेलं. आणि मग पुन्हा घेतली. २००९ च्या तुलनेत वरचे सूर थोडे झिजलेत, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, आधीएवढी चमकत नाही, आणि नव्या पट्ट्यामुळे सगळंच किंचित चढं आलंय. त्यामुळे तार सा चा तो दहावा भाग नव्यातून कापून जुन्यात तसाच बसेना. पट्टी उतरवली, लांबी जुळवली, दोन्ही टोकं एकमेकांत विरघळवली. भावाला ऐकवलं, त्याला जागा सापडली नाही. मला सापडते.

आता तीन कॉपी आहेत, एक हार्ड डिस्कवर, एक एसएसडीवर, एक दुसऱ्या घरी, आणि कॅसेट स्वतः, उभी ठेवलेली, स्पीकरच्या चुंबकापासून लांब. बिघडलेली मूळ फाईल पण ठेवलीय, भोकासकट. दर महिन्याला पडताळणी लावते आणि सगळ्या ओळींपुढे बरोबर आल्याचं दिसेपर्यंत स्क्रीनसमोरून उठत नाही. मग पहिली बाजू लावते. हार्ड डिस्क आता दुसऱ्या खोलीत असते, टेबल शांत असतं, त्यामुळे पूर्वी कधी स्पीकरवर नीट ऐकू यायचा नाही तो पुसट सा आता अगदी स्पष्ट येतो, फितीच्या शेजारच्या थरातून उतरलेला, एसएसडीने एकेक बिट जपून ठेवलेला. मग दोनेक सेकंद नुसता तानपुरा. मग आत्या.